जुने मराठी चित्रपट, वृत्तपट आणि झाडीपट्टीच्या व्हीसीडी: शोधायच्या कुठे, उतरवायच्या कशा, टिकवायच्या कशा?

वाचनालय_झाडी

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या 'ड' वर्ग सार्वजनिक वाचनालयासाठी विचारतो आहे. हाताशी एक जुना कॉम्प्युटर, शाळेकडून मागून आणायचा प्रोजेक्टर आणि मोबाइलचं नेट आहे. नेट रात्री अकरानंतर बरं चालतं.

जुने मराठी चित्रपट आणि सेवाग्राम-पवनारचे वृत्तपट डिजिटल ग्रंथालयांतून उतरवून ठेवायचे आहेत, म्हणजे नेट नसतानाही दाखवता येतील. शोधायला गेलं की एकाच चित्रपटाच्या पाच-पाच प्रती सापडतात आणि प्रत्येकीची लांबी वेगळी. त्यातली धड कोणती, हे ओळखायचं कसं? आणि कायद्यानं कोणते दाखवता येतात?

शिवाय देणगीत आलेलं एक खोकं आहे. त्यात झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी, एका नाटकाला तीन-चार डिस्क), बऱ्याचशा व्हीएचएस कॅसेट, त्यातल्या निम्म्यांवर पांढरी बुरशी, आणि १६ मिमी रिळाचा एक गंजका डबा. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. रिळावर काय आहे ते कळत नाही.

उन्हाळ्यात इथं पारा ४५ च्या वर, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि भारनियमन आहेच. बजेट आठ-दहा हजाराचं. सुरुवात कुठून करावी?

पडदा_वर्धा

शोधण्यापासून सुरुवात करू, निम्मं काम तिथंच अडतं.

चित्रपट शोधण्याआधी त्याची कुंडली मांडा: वर्ष, निर्मिती संस्था, दिग्दर्शक, भाषा आणि जमल्यास मूळ लांबी फुटांत. त्यासाठी 'इंडियनसिने डॉट एमए' ही साइट सगळ्यात कामाची. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांच्या भारतीय चित्रपट ज्ञानकोशाचा तिला आधार आहे. भाषा मराठी आणि वर्ष निवडलं की यादी येते, आणि प्रताधिकार संपलेले काही चित्रपट तिथंच पूर्ण पाहता येतात. दुसरा आधार म्हणजे बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' मासिक. १९३५ पासूनच्या त्याच्या बऱ्याच अंकांचे स्कॅन 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'मार्फत इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर आहेत. चित्रपट नक्की कधी लागला, हे त्यातल्या जाहिरातींवरून पक्कं करता येतं. पुढे कायद्याच्या हिशेबातही तेच वर्ष लागणार आहे.

आता इंटरनेट आर्काइव्ह. तिथली साधी शोधचौकट फक्त फाइल चढवणाऱ्यानं लिहिलेलं नाव आणि वर्णन शोधते, आणि चढवणाऱ्यांचं स्पेलिंग म्हणजे आनंदी आनंद. 'संत तुकाराम'मधला 'संत' कुणी मराठी उच्चारानं लिहितं, कुणी इंग्रजी 'सेंट' करून टाकतं. 'माणूस'मध्ये कुणी दोन ओ लिहितं, कुणी एक यू. देवनागरीत एकदा, रोमनच्या तीन-चार तऱ्हांनी, आणि शेवटी दिग्दर्शकाच्या नावानं शोधा. 'अॅडव्हान्स्ड सर्च'मध्ये मीडिया टाइप 'मूव्हीज' ठेवा, भाषेच्या रकान्यात एकदा 'मराठी'चं इंग्रजी स्पेलिंग आणि एकदा तीन अक्षरी कोड 'एमएआर' घाला, मग वर्षांची मर्यादा लावा. एखादी चांगली प्रत मिळाली की ती चढवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचं बाकीचं सामान बघा. जाणकार माणूस एकच चित्रपट चढवून थांबत नाही.

प्रत पुरी आहे का, हे लांबीवरून कळतं. ३५ मिमी फिल्म बोलपटाच्या गतीनं, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, चालली की मिनिटाला ९० फूट सरकते. मूळ लांबी १२,००० फूट असेल तर चित्रपट सुमारे १३३ मिनिटांचा हवा. टीव्ही किंवा व्हिडिओच्या पाल पद्धतीत तो २५ फ्रेमनं चालतो, म्हणून १२८ मिनिटं भरली तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. ९८ मिनिटं निघाली तर मात्र अर्ध्या तासाचा माल गायब आहे. बहुधा गाणी, कारण वाहिन्यांनी वेळेत बसवताना आधी तीच उडवली. कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असेल तर ती प्रत टीव्हीवरून घेतलेली, एवढं समजून घ्या.

प्रभातच्या चित्रपटांत आणखी एक फसगत होते. बरेचसे एकाच वेळी मराठी-हिंदीत निघाले: 'अयोध्येचा राजा' आणि 'अयोध्या का राजा' (१९३२), 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). मराठी नावाखाली हिंदी आवृत्ती चढवलेली सर्रास सापडते, तेव्हा दोन जीबी उतरवण्याआधी दहा मिनिटं ऐकून घ्या. मूकपटांबाबत आशा बेतानंच ठेवा. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चार रिळांचा होता आणि आज दोनच रिळं उरलीत, तेव्हा 'फुल मूव्ही' अशी पाटी दिसली तर ती खोटी.

वृत्तपटांसाठी गावांची इंग्रजी अमदानीतली नावं टाका. परदेशी सूच्यांत आजची नावं नाहीत. अमरावती तिथं ए-एम-आर-ए-ओ-टी-आय अशी आहे, यवतमाळ 'येवतमाल' वाय-ई-ओ नं सुरू होतं, अचलपूर 'एलिचपूर', चंद्रपूर 'चांदा', आणि सगळा प्रदेश 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' किंवा 'बेरार' खाली. सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव, गांधीजींनी ते १९४० मध्ये बदललं. म्हणून त्याआधीच्या चित्रणाला 'सेगाव' किंवा नुसतं 'वर्धा' असं शोधा, आणि बुलढाण्याच्या गजानन महाराजांच्या शेगावशी गल्लत होऊ देऊ नका. विनोबांचं १९५१ नंतरचं चित्रण 'भूदान' या शब्दाखाली जास्त मिळतं.

कुठे बघायचं: ब्रिटिश पाथेनं २०१४ मध्ये ८५,००० वृत्तपट युट्यूबवर टाकले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा १८९९ ते १९४७ या काळातला भारतविषयक संग्रह आहे. 'कलोनियल फिल्म' ही वसाहतकाळातल्या चित्रपटांची सूची आहे. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राकडे इंग्रज कुटुंबांनी घरगुती कॅमेऱ्यानं घेतलेल्या फिती आहेत. ही ठिकाणं बघण्यासाठी आहेत, उतरवून वाटण्यासाठी नव्हेत. तिथं सूची क्रमांक, दुवा आणि कोणत्या मिनिटाला काय दिसतं एवढं वहीत टिपा.

आपल्याकडचं साहित्य म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचं, स्थापना १९४८. २०२२ मध्ये ती आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. संग्रहालय घरबसल्या डाउनलोड देत नाही. अभ्यासासाठी पाहायचं असेल तर वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करा आणि चित्रपटाचं नाव, वर्ष, कारण नेमकं लिहा. 'जुने मराठी चित्रपट पाहायचे आहेत' अशा मोघम अर्जावर कुणालाच काही करता येत नाही.

कलम_सव्वीस

कायद्याचं मी सांगतो.

प्रताधिकार कायदा १९५७, कलम २६: चित्रपट प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. १९६० चा चित्रपट १ जानेवारी २०२१ ला मुक्त झाला, १९६४ चा १ जानेवारी २०२५ ला. सरकारी चित्रपटांनाही ६० वर्षंच. विठ्ठलभाई झवेरींचा गांधीजींवरचा पाच तासांहून मोठा माहितीपट १९६८ चा आहे, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा. 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) गाडगेबाबांचा म्हणून आपल्या भागात हमखास मागतात, त्याला २०३७ अखेरपर्यंत हक्कदाराची परवानगी लागेल.

'चित्रपट मुक्त' म्हणजे त्यातलं सगळं मुक्त असं नाही. गीतकार, संगीतकार, लेखक यांच्या मूळ कृतींना त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. वाचनालयात पूर्ण चित्रपट दाखवणं एक, आणि त्यातलं गाणं वेगळं काढून स्वतःच्या चॅनेलवर चढवणं दुसरं. दुसरं करू नका.

तुमच्या कॅसेटसाठी २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ५२(१)(एन) वाचा. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. व्हीएचएस यात सरळ बसते. व्हीसीडी मुळातच डिजिटल असल्यामुळे शब्दशः बसत नाही, तिथं निर्मात्याचं पत्र घेतलेलं बरं. आणि ही सूट साठवण्यापुरती आहे. इंटरनेटवर चढवायला किंवा गावात खेळ लावायला ती पुरत नाही.

इंटरनेट आर्काइव्ह अमेरिकेत आहे, तिथला हिशेब वेगळा. १९९६ च्या सुरुवातीला भारतात ज्यांचा हक्क जिवंत होता, म्हणजे साधारण १९४१ पासूनचे चित्रपट, त्यांना अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळतं. म्हणून इथं मुक्त असलेला १९५० चा चित्रपट तिथून तक्रारीवर उतरवला जाऊ शकतो. दुवा जपून भागणार नाही, फाइल जवळ हवी.

शॉर्टकट_अकोला

एवढं काहून करून राहिले भाऊ? युट्यूबवरून अॅपनं डाउनलोड मारा, पेनड्राइव्हमध्ये टाका, टीव्हीला लावा. गावात कोण बसतं फूट मोजत.

रातपाळी_यवतमाळ

एका रात्रीच्या खेळापुरतं चालेल, जतनाला नाही. युट्यूब चढवलेली फाइल पुन्हा दाबून लहान करते. ती कुणीतरी उतरवून आर्काइव्हवर टाकतो, तिथं आणखी एक प्रत तयार होते, ती कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवतो. कृष्णधवल चित्रपटात याचा परिणाम लगेच दिसतो: काळोख्या भागात चौकडी पडते, फिल्मचा कण पुसला जातो, चेहरे मेणाचे दिसतात. गेलेलं परत येत नाही. शिवाय पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर त्यातला डेटा विरतो, आणि तसं आधी कळतही नाही.

आता कमजोर नेटवर उतरवायचं कसं ते. आर्काइव्हच्या पानावर उजवीकडे 'डाउनलोड ऑप्शन्स', त्याखाली 'शो ऑल'. तिथं एकाच चित्रपटाच्या अनेक फाइल दिसतील. चढवणाऱ्यानं दिलेली ती 'ओरिजिनल', बाकीच्या आर्काइव्हनं आपोआप केलेल्या 'डेरिव्हेटिव्ह'. नेहमी ओरिजिनल घ्या. नावात '५१२ केबी' असलेली जुनी प्रत टाळा, ती अगदी लहान चौकटीची असते, प्रोजेक्टरवर नुसती धूसर भिंत दिसेल.

ब्राउझरमधून मोठी फाइल ओढू नका. लाइट गेली की ९० टक्क्यांवरून पुन्हा शून्य. टॉरेंटची (तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्याची) फाइल त्याच पानावर मिळते, ती जिथं तुटली तिथून पुढे चालू होते आणि प्रत्येक तुकडा स्वतः तपासते. फार मोठ्या संग्रहाच्या टॉरेंटमध्ये कधी सगळ्या फाइल नसतात, म्हणून यादी ताडून पाहा. टॉरेंट चालत नसेल तर 'वगेट' प्रोग्राम 'उणे सी' या पर्यायासह वापरा, तोही अर्धवट फाइल पुढे चालवतो. २ जीबीच्या फाइलला २ एमबीपीएस नेटवर सव्वादोन तास लागतात, १ एमबीपीएसवर साडेचार. रात्री अकराला लावली की पहाटेपर्यंत होते. राउटर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घ्या आणि विंडोजचा 'स्लीप' बंद करा. डाउनलोड रात्री थांबण्याचं कारण बहुतेक वेळा नेट नसतं, झोपलेला कॉम्प्युटर असतो.

त्याच यादीत 'फाइल्स' आणि 'मेटा' अशा शेवटाच्या दोन छोट्या एक्सएमएल फाइल असतात, त्याही घ्या. पहिलीत प्रत्येक फाइलचा एमडी५ ठसा, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारी ओळख-संख्या, आहे. विंडोजच्या कमांड खिडकीत 'सर्टयुटिल' या आज्ञेला 'हॅशफाइल' पर्याय, मग फाइलचं नाव आणि शेवटी 'एमडी५' दिलं की तुमच्या फाइलचा ठसा निघतो. दोन्ही जुळले तर फाइल अक्षरशः तीच आहे. जुळले नाहीत तर पुन्हा उतरवा, 'चालते ना' म्हणून ठेवू नका. खराब तुकडा नेमका शेवटच्या रिळात असतो.

फाइल ४ जीबीपेक्षा मोठी आणि 'डिस्क फुल' असा संदेश, जागा असूनही? डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे. डेटा दुसरीकडे हलवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कॅसेट_वडसा

खोक्यावर बोलतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो भाऊ, प्रभातचे चित्रपट पुण्यामुंबईतले लोक जपून राहिले आहेत. झाडीपट्टीच्या व्हीसीडी कोणीच जपून नाही राहिलं. दिवाळी ते होळी हंगाम, रात्रभराचं नाटक, निर्मात्यानं थोड्या डिस्क काढल्या, विकल्या, विषय संपला. तुमच्याकडची प्रत शेवटची असू शकते. म्हणून पहिलं काम व्हीसीडीचं, डाउनलोड मागून.

व्हीसीडी उलटी करून पाहा. खालची बाजू चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली, थोडी टिकाऊ. निळसर-हिरवट असेल तर घरच्या रायटरवर जाळलेली, तिचा रंगद्रव्याचा थर उन्हानं, उष्णतेनं उडतो. या आधी घ्या. वरच्या लेबलच्या बाजूनं ओरखडा असेल तर जास्त वाईट, कारण सीडीत चमकता थर लेबलच्या लगेच खाली असतो. खालच्या बाजूचा हलका ओरखडा बऱ्याचदा वाचला जातो. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसायची नाही. टूथपेस्ट लावायला कोणी सांगितलं तर हो म्हणा आणि लावू नका.

नुसती फाइल कॉपी केली की बरेचदा मध्येच एरर येते. व्हिडिओच्या सेक्टरमध्ये साध्या डेटासारखं चूक सुधारण्याचं जादा गणित नसतं, म्हणून विंडोजची साधी कॉपी एका ओरखड्यावर हात टेकते. डिस्कची पूर्ण प्रतिमा काढा, बिन आणि क्यू या दोन फाइलींच्या जोडीत. आयएसओ नको, त्यात व्हीसीडीची रचना नीट मावत नाही. वेग ४ किंवा ८ पट ठेवा. एका ड्राइव्हला वाचता येत नसेल तर दुसरा लावून पाहा, जुने डेस्कटॉप ड्राइव्ह पुष्कळदा नव्या लॅपटॉपवाल्यांपेक्षा चांगले वाचतात.

प्रतिमा हाती आली की 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल काढा आणि 'एफएफएमपेग'नं 'कॉपी' पर्याय देऊन एमपीजीत बदला. 'कॉपी' म्हणजे नुसतं वेष्टन बदलतं, चित्राला हात लागत नाही. व्हीसीडी ३५२ गुणिले २८८ ची, एमपीईजी-१, सेकंदाला ११५० किलोबिट. तिला 'एचडी' करून देणारी अॅपं फक्त फाइल फुगवतात. बिन-क्यू जपून ठेवा, एका नाटकाचे २-३ जीबी होतात, त्यात काय कंजुषी.

आता व्हीएचएस. बुरशीची कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी ड्रमवर (टेप वाचणारे हेड ज्यावर फिरतात तो गोल भाग), आणि ड्रमवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. म्हणून खिडकीतून टेपच्या कडा पाहून दोन ढीग करा. पांढरी पूड दिसली की वेगळी पिशवी. हे काम बाहेर ओसरीवर, तोंडाला एन९५ मास्क लावून. बुरशीवाल्या आधी वाळवा: बंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत काही दिवस, उन्हात नाही. मग भंगारातून आणलेल्या दुसऱ्या व्हीसीआरवर, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या, टेप कोरड्या मऊ कापडातून पुढे-मागे गुंडाळून पूड काढा. हे किचकट काम आहे. दोन चांगल्या कॅसेटवर हात बसल्याशिवाय नाटकाच्या कॅसेटला लावू नका.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. धागे न सुटणारं कापड भिजवून ड्रमवर स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळू फिरवा. कापड वर-खाली केलं की हेडचं बारीक टोक तुटलंच समजा.

कॅप्चर करताना पाल, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. 'डीइंटरलेस' (चित्राच्या एकाआड एक ओळी एकत्र करण्याचा पर्याय) बंद ठेवा, तो प्रयोग नंतर पाहायच्या प्रतीवर करता येतो. मूळ प्रत एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारख्या बिनतोट्याच्या पद्धतीत घ्या, तासाला साधारण २५ ते ३५ जीबी धरा. स्वस्त यूएसबी कॅप्चरनं आवाज मागे-पुढे होत गेला तर कारण बहुधा गळालेल्या फ्रेम. व्हीसीआर आणि कॅप्चरच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता पार करण्यासाठी जोडा, बऱ्याचदा चित्राची थरथर आणि आवाजाची गडबड दोन्ही कमी होतात. व्हीसीआर इन्व्हर्टरवरच पाहिजे. मध्येच लाइट गेली तर टेप ड्रमला गुंडाळलेली राहते, आणि कॅसेट ओढून काढणारा माणूस प्रत्येक गावात असतोच.

कॅसेटचं हे सगळं दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात बुरशीच्या कॅसेटला हात लावू नका.

वाचनालय_झाडी

फार उपयोगी झालं, धन्यवाद सगळ्यांचे. व्हीसीडी आधी काढतो. दोन प्रश्न उरले. रिळाचा डबा शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरवर एकदा लावून पाहिला तर चालेल का? निदान कळेल तरी काय आहे. आणि सगळं जमल्यावर नाटकं आर्काइव्हवर चढवावी का?

रीळकाम

प्रोजेक्टरवर लावू नका. वास येतोय म्हणजे अॅसिटेट (फिल्मचं प्लास्टिक) विघटित होतंय, त्यात फिल्म आकसते. आकसलेल्या फिल्मची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि तो ती फाडत नेतो.

आकसलेली किती, हे घरी मोजता येतं. १६ मिमी प्रिंटमध्ये एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंत ७.६२ मिमी. पातळ सुती हातमोजे घालून सुरुवातीची पट्टी सपाट टेबलावर पसरा आणि स्टीलच्या पट्टीनं १०० अंतरं मोजा. ७६२ मिमी भरलं तर ठीक. ७५४-७५५ भरलं तर एक टक्का गेला. तिथून पुढे साधा प्रोजेक्टर विसरा, फक्त दाते नसलेला स्कॅनर.

काय आहे ते प्रोजेक्टरशिवायही कळतं. पहिले दहा-बारा फूट उजेडासमोर धरा, नाव बहुतेक तिथंच असतं. छिद्रं एकाच कडेला आणि दुसऱ्या कडेला नागमोडी किंवा पट्ट्यांची रेघ असेल तर आवाज आहे. दोन्ही कडांना छिद्रं असतील तर मूक. कडेवर 'सेफ्टी' लिहिलेलं असेल. कोडॅकची फिल्म असल्यास कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून फिल्म बनल्याचं वर्ष काढता येतं. खुणा दर २० वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा चित्रातल्या मोटारी आणि कपडे पाहून निवडा. ४०० फुटांचं रीळ म्हणजे ११ मिनिटं. खेड्यात सापडणारी १६ मिमी रिळं बरेचदा सरकारी प्रचाराच्या खेळांची असतात. पण लग्नाचं किंवा एखाद्या सप्ताहाचं खाजगी चित्रण निघालं तर ते जास्त मोलाचं, त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

गंजका डबा बदला, लोखंडाचा गंज विघटन वाढवतो. हवा खेळेल असा प्लास्टिकचा डबा घ्या, हवाबंद नको, आतलं आम्ल आतच कोंडतं. इतर रिळांपासून आणि कॅसेटपासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होईल, पण भारनियमनात फ्रिज तापला-थंडावला की फिल्मवर पाणी सुटतं. स्कॅनसाठी पुण्याचं संग्रहालय किंवा मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन (२०१४) यांना लिहा. पत्रात रुंदी, फूट, आवाज आहे की नाही, आकसण्याचं माप आणि पहिल्या फ्रेमचा फोटो द्या.

१६ मिमी फिल्म कधीच नायट्रेटची (जुन्या, झटकन पेटणाऱ्या प्लास्टिकची) नसते, त्यामुळे आगीची भीती नाही. मात्र कुणाकडे १९५१ च्या आधीचं ३५ मिमी रीळ निघालं तर वाचनालयात आणू देऊ नका. नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुने चित्रपट गेले.

पडदा_वर्धा

चढवण्याबद्दल. लेखी परवानगी आधी: नाटककाराची किंवा वारसांची, आणि व्हीसीडी काढणाऱ्या निर्मात्याची. नाट्यमंडळं वडशाला आहेत, हंगामात सगळे तिथं भेटतात. साध्या कागदावर नाटकाचं नाव, 'इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य पाहण्यासाठी ठेवण्यास हरकत नाही' आणि सही-तारीख. तोंडी 'हो हो, टाका' नंतर कुणाला आठवत नाही.

चढवताना पानाची ओळख, म्हणजे 'आयडेंटिफायर', विचार करून लिहा, ती नंतर बदलता येत नाही. रोमन लहान अक्षरांत नाटकाचं नाव आणि वर्ष पुरे. शीर्षक आणि वर्णन देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हींत द्या, नाहीतर तुमच्यासारख्याच शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. नाट्यमंडळ, गाव, कलाकार, प्रयोगाचं वर्ष, डिस्क किती आणि त्यातली कोणती खराब, हेही लिहा. सर्वांत चांगली फाइल चढवा, लहान प्रती ते स्वतः बनवतात.

बजेटचा मोठा वाटा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्डडिस्कना द्या. एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्क ओल आली की एकाच वेळी जातात. पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून ठसे पुन्हा ताडा. गुढीपाडवा आणि दसरा धरलात तर विसरणार नाही. फाइलची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय, वर्ष आधी. स्वस्त टीव्हीला देवनागरी नावं दिसत नाहीत, नुसते चौकोन येतात.

वाचनालय_झाडी

समजलं. रिळाचं माप घेतो. १०० अंतरं सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर मोजली तर चालतील ना?

रीळकाम

कोरी पट्टी बरेचदा नंतर जोडलेली असते, वेगळ्या फिल्मची. जोड ओलांडून चित्र सुरू झाल्यावर मोजा, आणि जमल्यास आणखी दहा फूट आत एकदा. दोन्ही आकडे कळवा.